थंडीत थिजणारं प्रथिन

जानेवारीत बाटलीतलं खोबरेल थिजतं आणि उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ होतं. काही माणसांच्या रक्तातली प्रथिनं तशीच वागतात. शरीराच्या उबेत ती विरघळलेली असतात, गारवा लागला की त्यांचा साका बसतो. या प्रथिनांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. त्यांचं कूळ शोधायला वैद्यकाला सहा दशकं लागली.

पहिली नोंद १९३३ सालची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विंट्रोब आणि बुएल यांना अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तात हा प्रकार दिसला. क्रायोग्लोब्युलिन हे नाव लर्नर आणि वॉटसन यांनी १९४७ साली दिलं. 

१९६६ साली मेल्टझर आणि फ्रँकलिन यांनी तीन लक्षणं एकत्र मांडली: पायांवर जांभळट पुरळ, सांधेदुखी आणि अशक्तपणा. १९७४ साली ब्रुए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ रुग्ण तपासून या प्रथिनांचे तीन प्रकार पाडले. पण ज्यांना ना कर्करोग होता ना दुसरा कुठला आजार, अशा कितीतरी रुग्णांचं मूळ सापडेना. कारण अज्ञात, एवढंच त्यांच्या कागदांवर लिहिलेलं राही.

१९८९ साली हिपॅटायटिस सी विषाणूची ओळख पटली आणि त्याची रक्ततपासणी निघाली. कारण न सापडलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर बहुतेकांत हा विषाणू आढळला. १९९२ साली अॅग्नेलो यांच्या गटाने निर्णायक पुरावा दिला: थिजलेल्या साक्यात विषाणूचा आरएनए उरलेल्या रक्तद्रवाच्या सुमारे हजारपट एकवटलेला होता.

मग साखळी जुळली. विषाणू वर्षानुवर्षं शरीरात राहतो, तेव्हा प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना सतत चेतवत राहतो. त्यातल्या काही पेशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांना चिकटणारी प्रतिपिंडं तयार करतात. अशा एकमेकांना चिकटलेल्या प्रतिपिंडांचे पुंजके, म्हणजेच क्रायोग्लोब्युलिन, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे दाह होतो. त्वचेवर पुरळ उठतं, पायांना मुंग्या येतात, मूत्रपिंडाला इजा होते. विषाणूचं घर यकृतात, पण रुग्ण दार ठोठावतो ते त्वचेच्या, सांध्यांच्या नाहीतर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचं. त्यात हीच प्रतिपिंडं संधिवाताची तपासणी पॉझिटिव्ह आणतात आणि आजारावर भलताच शिक्का बसतो.

जुनाट हिपॅटायटिस सी असलेल्या निम्म्याच्या आसपास लोकांच्या रक्तात ही प्रथिनं सापडू शकतात. त्रास मात्र त्यांतल्या थोड्यांनाच होतो.

निदानाची खरी परीक्षा नमुना घेण्यात आहे. रक्त काढल्यापासून ते गोठून त्यातला द्रव वेगळा होईपर्यंत ३७ अंशांवर ठेवावं लागतं. मग तो द्रव ४ अंशांवर काही दिवस ठेवून साका बसतो का ते पाहतात. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, पण एसी लावलेल्या खोलीत नळी तशीच राहिली तर प्रथिन गुठळीबरोबर खाली बसतं आणि फेकलं जातं. रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आजार तसाच राहतो.

उपचारांनीही मोठा पल्ला गाठला आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन् महिने घ्यावी लागत आणि तरीही अनेकांचा विषाणू जात नसे. २०१३ साली सोफोसबुविर हे या विषाणूवरचं औषध अमेरिकेत आलं, तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. २०१४ साली भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले. त्यांत अहमदाबादची कॅडिलाही होती. २८ जुलै २०१८ रोजी भारतात हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळू लागली. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांचा विषाणू जातो. विषाणू गेला की पुरळ आणि सांधेदुखी बहुधा ओसरते. काहींच्या रक्तात मात्र प्रथिन रेंगाळतं, म्हणून पुढेही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. मूत्रपिंड किंवा नसांना जबर इजा झाली असेल, तर बी पेशींना आवर घालणारं रिटुक्सिमॅबही द्यावं लागतं.

पायांवर जांभळे ठिपके पुन्हा पुन्हा उठत असतील, सोबत सांधे दुखत असतील किंवा मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना हिपॅटायटिस सीची तपासणी करायची का, असं जरूर विचारा. रक्तपेढ्यांत ही तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांनी तर लक्षणांची वाटही पाहू नये.