पायात गाडलेल्यांची चित्रे कोण काढणार?

कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायची वेळ आली की एक विषय हमखास पुढे येतो. लोककथांतला अंधार. हडळ, वेताळ, मुंजा, डोहातल्या सातीआसरा, आणि सोबतीला ग्रिम बंधूंच्या जंगलातली मुले खाणारी चेटकीण. विषय चांगला आहे. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की या अंधारात नेमके कोण उभे आहे, आणि त्याला तिथे कोणी उभे केले?

हा प्रश्न आम्ही घोडबंदरहून विचारत आहोत. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, उल्हासच्या खाडीवर हे गाव. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून नाव पडले असे सांगतात. किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला. आता तो मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. महाराष्ट्रात किल्ला म्हटला की गोष्टी आल्याच. भुयार, गाडलेले धन, तट टिकावा म्हणून दिलेला बळी. विद्यार्थी तट काढतो, बुरूज काढतो, खाडीवरचे धुके काढतो. पण दगड कोणाच्या डोक्यावरून वर गेला, हे त्या चित्रात येत नाही.

आपल्याकडे अशा चित्रांची परंपरा जुनी आहे. १९१४ साली सी. ए. किंकेड या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकाची चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढली. धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९० साली विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. मराठी कहाण्यांतले राजे, राण्या, गरीब ब्राह्मण आणि देवता इंग्रजी वाचकांसमोर आल्या त्या त्यांच्या रेषेतून. त्यांच्या हाताच्या ताकदीबद्दल वाद नाही.

त्या संग्रहात शिळासप्तमीची कहाणी आहे. राजा गाव वसवतो, तळे बांधतो, पण तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सांगतात की सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा नातवाला तळ्यात सोडतो आणि तळे भरते. पुढे सून तळ्याकाठी व्रत करते आणि मूल जिवंत परत येते. कहाणी सुफळ संपूर्ण होते. राजाच्या घरचा बळी परत येतो!

आता दुसरी कथा पाहा. पुरंदरचा शेंदऱ्या बुरूज बांधताना सारखा ढासळत होता. पायात नवरा-बायकोचे जोडपे जिवंत गाडल्याशिवाय तो उभा राहणार नाही, असा दृष्टांत झाला. मग बहिरनाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात गाडले. बुरूज उभा राहिला. ही दंतकथा इंग्रजांच्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. बापाला बदल्यात इनाम मिळाले असेही ती सांगते. नावाच्या शेवटचे 'नाक' कोणत्या समाजाचे, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नाथनाक आणि देवकाई परत आले नाहीत. त्यांच्यासाठी कोणतेही व्रत नाही, श्रावणात वाचायची कहाणी नाही आणि धुरंधरांचे चित्रही नाही.

कोणी म्हणेल, ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. बरोबर. पुरंदरच्या बुरुजात कोण गाडले गेले हे दंतकथेवरून सिद्ध होत नाही. पण बळी द्यायचा असेल तर कोणाचा दिलेला चालतो, याबद्दल समाजाचे मत काय होते, हे मात्र तिच्यावरून स्वच्छ कळते. आणि याला गॅझेटियरच्या आधीची साक्ष आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तेल-शेंदूर पाजून आपल्या माणसांना इमारतींच्या पायात पुरत असत, असे तिने त्यात स्पष्ट मांडले. सवर्णांच्या घरात जी गोष्ट रात्री मुलांना घाबरवायला सांगितली जात असेल, ती या मुलीसाठी तक्रारअर्ज होती. हा फरक समजला तर या लेखातले निम्मे काम झाले.

पायातल्या बळीची कथा फक्त आपल्याकडे नाही. सर्बियात श्कोदरचा किल्ला उभा राहावा म्हणून धाकट्या भावाच्या बायकोला भिंतीत चिणल्याचे गीत आहे. शेजारच्या कर्नाटकात तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकटी सून भागीरथी बळी जाते. या गीतांत बळी घरातलाच असतो, परक्या घरातून आलेल्या सुनेचा. म्हणजे जगभर बळीचे बोट दुबळ्याकडेच वळते. आपल्याकडे बाईपणाच्या जोडीला जात आली, एवढाच आपला स्वतंत्र हातभार!

ही जात मेल्यावरही सुटत नाही. जॅक्सन या अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवलेली माहिती एन्थोवेन यांनी १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक म्हणून छापली. त्या काळी शाळामास्तर बहुतेक कोणत्या जातींचे असत, हे सांगायला नको. त्यातली भुतांची यादी वाचली तर गावगाड्याची यादी वाचल्यासारखे वाटते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. ब्राह्मणाचे भूत वेगळे, शूद्राचे वेगळे, कोळ्याचे वेगळे. स्मशानातही चातुर्वर्ण्य! बाळंतपणात बाई का मेली, हे कोणी विचारत नाही. तिचे पाय उलटे काढले की काम भागते.

मग आमच्या मुलांनी करायचे काय? या गोष्टी टाकून द्यायच्या? बाबासाहेबांनी तसे केले नाही. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, ही आपल्याकडची जुनी कथा. तिच्यामागे अमृतनाकाची कथा आहे. हरवलेल्या राणीला शोधायला निघण्यापूर्वी अमृतनाक बादशहाकडे एक बंद डबी ठेवतो. राणीला घेऊन परतल्यावर त्याच्यावर संशय घेतला जातो, तेव्हा डबी उघडली जाते. आपल्या शुद्धतेचा पुरावा म्हणून त्याने स्वतःचे पुरुषत्वच कापून ठेवलेले असते. ग्रिम बंधूंच्या कोणत्याही कथेपेक्षा ही कथा काळी आहे. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी बावन्न हक्कांची परंपरा घेतली आणि तिच्यावर प्रश्न लावला. हे हक्क बिदरच्या राजांनी दिले नसून आधीपासून चालत आलेले हक्क त्यांनी कायम केले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि गावाबाहेरच्या वस्तीच्या आपल्या सिद्धांताला तो जोडला. लोककथा डोक्यावर घ्यायची नाही आणि कचऱ्यातही टाकायची नाही. तिला साक्षीदारासारखे उभे करून तिची उलटतपासणी घ्यायची. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले. कथेत मिळालेला हक्क प्रत्यक्षात गुलामीचा दोर झाला आहे, हे त्यांना दिसत होते.

घोडबंदरच्या विद्यार्थ्याला आणखी एक खजिना जवळच आहे. याच डोंगररांगेच्या दक्षिणेला कान्हेरी आहे. तिथला भिक्खूसंघ नाहीसा होऊन कित्येक शतके लोटल्यानंतर दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने साष्टीच्या लोकांत चालत आलेली कथा नोंदवली. एका राजाला मुलगा झाला. हा जगाचा त्याग करील असे भाकीत झाले, म्हणून राजाने त्याला दुःखाच्या दर्शनापासून दूर कोंडून ठेवण्यासाठी ही लेणी खोदवली. कोतोला ती ख्रिस्ती संत योसाफातची कथा वाटली. त्याचे चुकले नाही, कारण योसाफात हे नावच 'बोधिसत्त्व' या शब्दावरून आले आहे. विहार ओस पडले, कान्हेरीच्या एका लेण्यात पोर्तुगीजांनी चर्च केले, पण बुद्धाची गोष्ट साष्टीच्या लोकांच्या तोंडी जिवंत राहिली.

आणि राक्षसिणीच काढायच्या असतील तर अजिंठ्याला जावे. पाचव्या शतकातल्या सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवलेली आहे, बुडालेल्या जहाजाच्या व्यापाऱ्यांना खाणाऱ्या राक्षसिणींची. दुसऱ्या लेण्यात हारीतीचे दालन आहे. हारीती लोकांची मुले पळवून खात असे. बुद्धाने तिला मारले नाही. तिचे स्वतःचे एक मूल लपवून तिला आईचे दुःख कळवले आणि संघाच्या अन्नातला वाटा देण्याचे वचन दिले. पूतनेला मारणारी परंपरा एक आणि हारीतीला जेवू घालणारी परंपरा दुसरी. चित्रकाराने कोणती निवडायची, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही.

कारण या गोष्टी कागदावरच राहत नाहीत. मुले पळवणारा माणूस चित्रकार कसा काढतो? काळा, जटा वाढलेला, खांद्यावर झोळी, फाटके कपडे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून आली, पण झोळीवाल्या राक्षसाचे चित्र लोकांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होते. ज्यांच्या लेकरांना पायात गाडल्याच्या कथा आहेत, त्यांच्यासारख्याच गावाबाहेरच्या माणसांना आज लेकरे चोरणारे ठरवले जाते.

आमच्यातलेच काही जण म्हणतील, १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर भुताखेतांची चित्रे कशाला? त्याचे उत्तर असे की चित्र काढणे म्हणजे पूजा नव्हे. महाराष्ट्राला २०१३ साली नरबळीविरोधी कायदा करावा लागला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर. ज्या अंधाराला कायदा लागतो, त्याला चित्रही लागते.

म्हणून कलाशाखेत शिकणाऱ्या आमच्या भावाबहिणींना आमचे सांगणे आहे. शेंदऱ्या बुरूज जरूर काढा, पण तो आतून काढा, नाथनाक आणि देवकाईच्या डोळ्यांनी. हडळ काढाल तेव्हा तिला सुईण का मिळाली नाही तेही काढा. मुक्ता साळवेचा निबंध समोर ठेवा. शिक्षक विचारतील की यात कल्पनारम्य काय आहे. त्यांना सांगा, भूत ही तुमच्याकडची कल्पना असेल. आम्ही आमच्या नातेवाईकांची चित्रे काढत आहोत.

जय भीम!