जुन्या मोटारीला नवे तेल

इंजिनात नवे तेल घातले आणि चार-पाचशे किलोमीटरच्या आत ते काळे झाले, की मालक हमखास म्हणतो, "तेलात भेसळ आहे." बहुतेक वेळा खरे कारण उलटे असते. तेल आपले काम चोख करत असते, म्हणून ते काळे होते. पण गाडी पन्नास-साठ वर्षांची असेल, तर हे चोख कामच इंजिनाच्या जिवावर बेतू शकते. हे कोडे सोडवायला वंगणाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले नांदूरघाट घ्या किंवा मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव. तिथे वंगण म्हणजे बैलगाडीच्या कण्याला लावायचे तेल, आणि त्यात एरंडेलाला मान मोठा. एरंडेलाच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात. त्यांच्यामुळे ते धातूला घट्ट धरून राहते आणि दाबाखालीही सहज निसटत नाही. गाडीवानाला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, अनुभव मात्र होता. इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ साली मोटारीच्या तेलात एरंडेल मिसळले आणि त्याच्या इंग्रजी नावावरून 'कॅस्ट्रॉल' हे नाव घेतले. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिने एरंडेलावर चालली. एरंडेलाचा दोष असा, की तापून तापून त्याची चिकट राळ होते. शिवाय ते खनिज तेलात नीट मिसळत नाही. त्यामुळे मोटारींनी पुढे खनिज तेलच पत्करले.

हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामासाठी बनवलेली रोल्स-रॉइस आजही हैदराबादेत जपलेली आहे. सामान्य माणसाला मोटारीची ओळख झाली ती बसमुळे. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली २७ अल्बियन बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली.

त्या काळच्या तेलात आजच्यासारखी रसायने नसत. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला तर तेलाचा पंपही नव्हता आणि गाळणीही नव्हती. फिरत्या चाकाने तेल उडवायचे, बस्स! जळणातून येणारी काजळी, पाण्याचा अंश आणि झिजलेल्या धातूचा चुरा तेलात जमायचा आणि सावकाश तळाच्या टाकीत बसायचा. गॅरेजवाले या टाकीला 'चेंबर' म्हणतात. तेल थोड्या थोड्या मैलांनी बदलायचे आणि मधूनमधून चेंबर उतरवून गाळ खरवडायचा. आज आपल्याला ही पद्धत गबाळी वाटते, पण ती सुसंगत होती. घाण खाली बसू द्यायची आणि माणसाने काढायची.

ही रीत मोडली ती डिझेल इंजिनाने. १९३०च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीच्या ट्रॅक्टरांमध्ये पिस्टनच्या कड्या काजळीने चिकटून बसू लागल्या. उपाय म्हणून तेलात धातूंचे साबण मिसळले गेले. त्यातून 'डिटर्जंट' तेले जन्माला आली. पुढे काजळीचे कण एकमेकांपासून दूर ठेवणारी रसायनेही आली. कपडे धुताना साबणाचा तेलकट शेवट मळात आणि दुसरा पाण्यात असतो. इंजिनात याच्या उलट घडते. शेपूट तेलात राहते आणि डोके काजळीच्या कणाला धरते.

वर्गात हे दाखवता येईल. दोन बाटल्यांत पाणी घ्यावे, दोन्हींत चिमूटभर काजळी टाकावी, एकीत थोडा साबण घालून दोन्ही हलवाव्यात. एकीत काजळी गोळा होऊन वर तरंगते किंवा खाली बसते. दुसरीतले पाणी बराच वेळ काळे राहते. आता विद्यार्थ्यांना विचारावे, यातली 'खराब' बाटली कोणती?

काळ्या तेलाची गोष्ट हीच. काजळी चेंबरमध्ये बसण्याऐवजी तेलात तरंगत राहते आणि तेल बदलताना त्याच्याबरोबर बाहेर जाते.

आता एखादी जुनी विलीज जीप घेऊ. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने या जिपा मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि त्या सरकारी कचेऱ्यांतून तालुक्यातालुक्यांत पोहोचल्या. तिच्या तेलाला गाळणी होती खरी, पण तेलाचा थोडाच भाग तिच्यातून जाई. उरलेले तेल न गाळताच फिरे. अशा इंजिनात वर्षानुवर्षे साध्या तेलाचा गाळ साचला असेल आणि मालकाने प्रेमाने आजचे उत्तम तेल घातले, तर साबण आपले काम सुरू करतो. गाळाचे थर सुटतात आणि त्यांचे तुकडे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तेलाचा दाब पडतो, बेअरिंगे कोरडी होतात आणि इंजिन बसते. दोष मात्र तेलाला लागतो.

यावर काही जाणकार सांगतात, की जुन्या गाडीला जुनेच साधे तेल घालावे. आम्हाला हा सल्ला अर्धाच पटतो, कारण त्याने गाळ वाढतच राहतो. आधी चेंबर उतरवून जाळी आणि तळ स्वच्छ करावा, मग आधुनिक तेल घालावे. पहिली एक-दोन बदली लवकर करावी आणि इंजिन गरम असताना तेल काढावे, म्हणजे तरंगती घाण त्याबरोबर निघते. चालत्या इंजिनात रॉकेल ओतून 'धुण्याची' चाल काही ठिकाणी आहे, ती टाळावी. रॉकेलाने तेलाचा थर पातळ होतो आणि धातूवर धातू घासतो. गाळ खरवडताना हातमोजे हवेतच. आपल्याकडे २००० सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते, तेव्हा त्या गाळात शिसे असणार.

दुसरी भीती जस्त-फॉस्फरसच्या संयुगाची. ते १९४०च्या दशकात तेलात आले. काम होते तेल आणि बेअरिंगे गंजण्यापासून वाचवण्याचे. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला. धुराड्यातल्या उत्प्रेरकाला फॉस्फरस मारक ठरतो, म्हणून अलीकडच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलांत त्याचे प्रमाण कमी केले गेले. याचा फटका १९५० ते ८०च्या काळातल्या, जोरदार स्प्रिंगांच्या इंजिनांना बसू शकतो. १९२५च्या मोटारीने त्याची चिंता कशाला करावी? ती जन्मली तेव्हा हे संयुग तेलात नव्हतेच.

हे प्रश्न आता फक्त संस्थानिकांच्या वारसांचे राहिलेले नाहीत. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. एखाद्या शेताच्या गोठ्यात उभी असलेली जीपही त्यात बसू शकते.

उरते ते काढलेले तेल. खेड्यात हे 'जळके ऑइल' वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात आणि बैलगाडीच्या कण्यालाही लावतात. एरंडेल मातीत पडले तर जिवाणू ते खाऊन टाकतात. जळक्या तेलातले धातू मात्र त्यांना पचवता येत नाहीत आणि ते जमिनीतच राहतात. म्हणून ते विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडे द्यावे.