भेंडीचं पाणी

काहिलीतला रस तापू लागला की गुळव्या बादलीतलं बुळबुळीत पाणी त्यात सोडतो. रानभेंडीची ताटं ठेचून, पाण्यात कुसकरून काढलेलं हे पाणी. रसातला गाळ त्या चिकट्याला धरून वर येतो आणि काळपट-हिरव्या मळीचा जाड थर साचतो. उकळी फुटायच्या आत तो झाऱ्यानं ओढून काढायचा. जरा उशीर झाला, की मळी पुन्हा रसात मिसळली. तो नेमका क्षण गुळव्या फेसाच्या रंगावरून ओळखतो. पुढं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघतो, तेव्हा काहिलीत ११८ अंशांच्या आसपास उष्णता असते. थर्मामीटर त्याच्या बोटांतच असतो.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात टाकाऊ असं फारसं काही नव्हतंच. चिपाड अंगणात वाळवून चुलवणात, मळी आणि राख शेतात. धूर किती निघणार, हे मात्र जाळ घालणाऱ्या गड्यावर. वाळकं चिपाड थोडं थोडं, एका लयीत सारलं तर जाळ स्वच्छ पेटतो. ओलं चिपाड कोंबलं, की धुराड्यातून काळे लोट निघतात, पाक रखडतो आणि जळणही जास्त लागतं. ही लय बाप-चुलत्याच्या शेजारी बसूनच अंगात मुरते.

१८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि इथल्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. पुढं बैलाच्या घाण्याची जागा इंजिनानं, मग विजेच्या मोटरीनं घेतली. बैल फिरत होते तोवर भेंडी ठेचायला सवड होती. मोटर आली तसा रस भराभर पडू लागला, दिवसाची आधणं वाढली आणि सवड संपली.

त्यातच सौद्यातला रंग. गुजरातकडं जाणाऱ्या मालाला पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, हवा, म्हणून भाव रंगावर ठरू लागला. भेंडीनं निवळलेला गूळ तांबूस-पिवळा होतो. हायड्रॉस या रासायनिक पावडरीची चिमूट टाकली, की पाक डोळ्यांदेखत उजळतो. वर्षानुवर्षांच्या कसबाचं काम क्षणात झाल्यासारखं दिसतं. गंधकाचा उग्र वास मात्र काहिलीजवळच्या माणसांच्या नाकात जातो, आणि काही आठवड्यांनी तोच रवा पुन्हा काळवंडतो. यात गुळव्याला दोष देणं मला मुळीच पटत नाही. जो रंगाचे पैसे मोजतो, पावडर त्यानंच मागवलेली असते.

कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रानं भेंडीची शिफारस कायम ठेवली, गुळाला चांगले ऊसवाण दिले. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आता बिगररसायनी गुळाला शहरांतून मागणी आहे, भावही बरा मिळतो. अडचण आहे ती हातांची. गुऱ्हाळं घटली, पोरं एमआयडीसीत गेली. म्हणून वाटतं, या जादा भावातला वाटा गुळव्याला आणि जाळ घालणाऱ्याला वेगळा मोजून मिळावा, भेंडी ठेचायला लागणाऱ्या वेळासकट.

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या बांधावर यंदा रानभेंडीची ओळ पुन्हा लावलेली पाहिली. म्हातारा गुळव्या एका पोराला ताट कुठून कापायचं ते दाखवत होता. पोरगं बोटाला लागलेला चिकटा ताणून बघत होतं.