बिनछपराचा वर्ग

मधल्या सुट्टीची घंटा होते. सहावी-सातवीची मुले वर्गातून धावत सुटतात. जिन्यावर धक्काबुक्की, नळापाशी झुंबड, एखाद्याचा डबा सांडलेला. आपण ओरडतो, "ओळीत चला!" दोघा-चौघांना बाहेर उभे करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अपूर्णांकांची बेरीज आपण चार-चार तास शिकवतो, सराव घेतो, चुकले तर पुन्हा समजावतो. जिना कसा उतरावा, नळावर पाळी कशी घ्यावी, याचा तास मात्र वेळापत्रकात नसतो. ते मुलांना आपोआप यावे असे आपण धरून चालतो. ते आपोआप येत नाही, हे काही शिक्षकांच्या दोनशे वर्षांपूर्वीच ध्यानात आले होते. पुढे ते मागे पडले आणि अलीकडे पुन्हा शोधावे लागले. ती हकिकत आज पाहू या.

आधी एक प्रश्न विचारू. हा त्रास पूर्वीच्या पंतोजींना होता का? त्यांची शाळा देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत भरे. मुले वीस-पंचवीस. तेथे जिना नव्हता, व्हरांडा नव्हता, शेकडो मुले एकाच वेळी बाहेर सोडणारी घंटाही नव्हती. शिस्त कडक होती, छडीही होती. पण 'सर्वांच्या वापराची जागा' म्हणावी अशी जागाच नव्हती. शाळा मोठी झाली तेव्हा हा प्रश्न जन्मला.

मोठ्या शाळेची एक कल्पना निघाली ती आपल्याकडूनच. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासजवळ एगमोर येथील मुलांच्या अनाथालयाचे प्रमुख झाले. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. आपल्याकडच्या धूळपाटीसारखाच हा प्रकार. बेल यांनी तो उचलला आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे अशी पद्धत बसवली. १७९७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. वर्तनासाठी त्यांनी एक 'काळी वही' ठेवली होती. त्यात आठवड्यातील गैरवर्तने नोंदवत, ती सर्वांसमोर वाचत आणि न्याय मुलांचेच पंच करत.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी १७९८ साली गरीब मुलांसाठी शाळा काढली. एकाच दालनात शेकडो मुले, शिक्षक एक आणि बाकी सारे काम वर्गनायकांकडे. एवढ्या मुलांना हलवायचे कसे? लँकेस्टर यांनी प्रत्येक हालचालीला हुकूम ठरवला. टोपी ठेवायला खुंट्या लावल्या तर गर्दी होईल, म्हणून टोपीला दोरी बांधून ती हुकमासरशी पाठीवर टाकायची! प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर, हे या शाळांचे ब्रीद. छडी त्यांना नको होती. पण तिच्याऐवजी मानेत लाकडाचा ओंडका अडकवणे, टोपलीत घालून छताला टांगणे अशा लाजवणाऱ्या शिक्षा आल्या. चांगले वागणाऱ्यांना तिकिटे मिळत आणि ती साठवली की बक्षीस मिळे.

या शाळांत शांतता होती. पण मुले हुकमाने हलत होती. हुकूम देणारा नसेल तेव्हा कसे वागायचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट हाताळला तो अगदी लहान मुलांच्या शाळांनी. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन यांची कापडगिरणी होती. कामगारांच्या मुलांसाठी त्यांनी १८१६ च्या पहिल्या दिवशी शाळा उघडली आणि जेम्स ब्यूकॅनन या विणकराला शिक्षक नेमले. त्याला दोन बंधने होती: मारायचे नाही आणि कठोर शब्द वापरायचा नाही. मुलांना एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगायची की, खेळगड्याला आनंद होईल असे वाग. हा पाठ मुख्यत: मैदानातच चाले.

ब्यूकॅनन पुढे लंडनला गेले. त्यांच्या कामाने प्रभावित होऊन सॅम्युएल विल्डरस्पिन यांनी १८२० मध्ये स्पिटलफील्ड्स या गरीब वस्तीत बालशाळा सुरू केली. विल्डरस्पिन यांनी मैदानाकडे शैक्षणिक साधन म्हणून पाहिले. फिरता झोपाळा ठेवला, कारण त्यावर पाळी घ्यावीच लागते. कडेने फुलांचे वाफे आणि फळझाडे लावली. हात पोचेल अशा अंतरावर फूल आहे, कुंपण नाही. मग ते सर्वांचे आहे म्हणून तोडायचे नाही, हे मूल रोज शिकते. मोह काढून टाकायचा नाही, त्याच्यासोबत राहायला शिकवायचे, असा हा विचार.

त्याला पद्धतीचे रूप दिले ग्लासगोच्या डेव्हिड स्टो यांनी. स्टो हे व्यापारी. कारखान्यांमुळे शहर झपाट्याने वाढत होते आणि गल्लीबोळांत मुले एकमेकांकडूनच सारे शिकत होती. स्टो यांचे म्हणणे असे, की सोबत्यांचा प्रभाव हीच मोठी शक्ती आहे. गल्ली ती वापरते, तर शाळेनेही वापरावी. म्हणून मैदानाला त्यांनी नाव दिले 'बिनछपराचा वर्ग'. शिक्षकाने सुट्टीत मुलांमध्ये असावे, शक्य तर खेळावे, पण ऊठसूट हुकूम सोडू नये. फक्त पाहावे. मग सारे पायऱ्यांच्या बाकांवर बसले, की घडलेला प्रसंग काढून विचारावे: काय झाले? दुसरे काय करता आले असते? निवाडा मुलांचा, आणि पुन्हा मैदानात जाऊन ते करून पाहण्याची संधीही त्यांना. शारीरिक शिक्षा आणि बक्षिसे, दोन्ही त्यांना नको होती. १८३७ साली ग्लासगोत त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेची इमारत उभी राहिली आणि तेथून शिक्षक दूरदूर गेले.

मग हे मागे का पडले? याचे एक कारण पैशाच्या हिशेबात आहे. १८६२ च्या नियमांनी इंग्लंडमध्ये शाळांचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणिताची परीक्षा यांवर ठरू लागले. मैदानात काय शिकवले, याला गुण नव्हते. ज्याला गुण नाहीत ते वेळापत्रकातून निघून जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मैदान राहिले, पण ते फक्त सुट्टीपुरते. आणि वर्तनाचा प्रश्न पुन्हा छडीकडे गेला.

आता दीडशे वर्षे पुढे, अमेरिकेत येऊ. तेथील 'मिडल स्कूल'मध्ये साधारण ११ ते १४ वयाची मुले असतात. प्राथमिक शाळेत एक वर्ग, एक शिक्षक. येथे दर तासाला खोली बदलायची, व्हरांड्यातून जायचे, मोठ्या भोजनगृहात जेवायचे. म्हणजे सर्वांच्या जागा एकदम वाढतात. १९९० च्या दशकात तेथे दोन उत्तरे पुढे आली. एक होते, चुकीला मुळीच क्षमा नाही, विद्यार्थ्याला शाळेबाहेर काढा. या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये काढला.

दुसरे उत्तर ओरेगॉन राज्यातील फर्न रिज मिडल स्कूलमध्ये दिसले. तेथे पाचच अपेक्षा ठरवल्या: आदराने वागा, जबाबदारीने वागा, सूचना पाळा, हात-पाय स्वत:जवळ ठेवा, वेळेवर तयार असा. पण त्या फळ्यावर लिहून थांबले नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना त्या-त्या जागी नेऊन शिक्षकांनी शिकवले. व्हरांड्यात 'आदर' म्हणजे नेमके काय, भोजनगृहात काय, हे सांगितले आणि सराव घेतला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, गैरवर्तनासाठी कार्यालयात पाठवण्याचे प्रसंग आधीच्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी घटले.

एका शाळेच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण पुढे मेरीलँड राज्यातील ३७ प्राथमिक शाळांत, कोणत्या शाळेला ही पद्धत द्यायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवून, प्रयोग झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही गैरवर्तनाच्या तक्रारी कमी झाल्याचे दिसले. या पद्धतीवर टीकाही आहे. अनेक शाळा चांगल्या वागण्यासाठी कुपने वाटतात आणि लँकेस्टरची तिकिटे परत येतात. कूपन थांबले की वागणे टिकेल का, हा स्टो यांचा प्रश्न आजही उभा आहे.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला बंदी केली आहे. छडी गेली, ते उत्तमच. पण तिच्या जागी काय ठेवले? घरातून पहिल्यांदाच शाळेत आलेल्या मुलाला शाळेच्या रीती ठाऊक नसतात, आणि जे कोणी शिकवलेच नाही त्याबद्दल तेच सर्वांत जास्त बोलणी खाते. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे आपल्या हाती आहे.

आम्ही सुचवतो ते एवढेच: जूनमध्ये एक तास नळापाशी घ्या. मुलांनाच विचारा, दहा मिनिटांत सर्वांनी पाणी प्यायचे तर काय करावे लागेल? त्यांनी सुचवलेले करून पाहा, घड्याळ लावा, चुकले तर बदला. जुलैत पुन्हा उजळणी घ्या, कारण एकदा शिकवून अपूर्णांकही येत नाहीत.