बंदूक-दुरुस्ती : घरगुती व व्यावसायिक
बंदूक-दुरुस्ती : बंदुकीची नळी, खटक्याची यंत्रणा आणि लाकडी दस्ता हे भाग कार्यक्षम ठेवण्याचे, तसेच त्यांतील झिजलेले वा मोडलेले घटक पुन्हा घडवून बसविण्याचे तंत्र. या कामाचे दोन थर पूर्वीपासून आढळतात. सफाई व तेलपाणी बंदूक बाळगणारा स्वतः करतो. नळी व खटका यांवरील काम कारागिराकडे जाते. या दोहोंमधील सीमारेषा मात्र कायम राहिलेली नाही. यंत्ररचना बदलली तशी ती सरकली आणि पुढे कायद्याने ती आखून दिली.

तोड्याच्या बंदुकीत पेटती जामगी एका वाकड्या दांडीत धरलेली असे. चाप ओढला की ती कानाजवळच्या रंजकावर टेकत असे. नळी वगळता तीत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. जामगी सुकी राखणे, कान तारेने मोकळा करणे, दस्त्याची वादी आवळणे एवढे ज्याला जमे त्याची बंदूक चालू राही. मोडलेली दांडी गावचा लोहारही घडवून देई. नळीची गोष्ट निराळी होती. तापविलेली लोखंडी पट्टी सळईभोवती वळवून तिचा सांधा ठोकून जोडीत. सांधा कच्चा राहिला, तर तो बाहेरून दिसत नसे आणि बार उडताना नळी फाटे. बंदूकवाल्याचा हात वा डोळा जाण्याचे भय येथे होते. त्यामुळे स्वतःची बंदूक स्वतः नीट करणारेही नळीला सहसा हात लावीत नसत, असे मानण्यास जागा आहे.

नित्याची निगा हे मराठी राज्यव्यवस्थेत कारागिराचे नव्हे, तर शस्त्र ज्याच्या ताब्यात असे त्याचे काम समजले जाई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) किल्ल्यावरील दारू व बाण दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांस ऊन देण्याची जबाबदारी हवालदारावर टाकलेली आहे, पावसाळ्यात तोफांना तेल व मेण देण्यासही सांगितले आहे. सह्याद्रीच्या हवेत ही सूचना किती महत्त्वाची होती, हे सांगावयास नको.

गारेच्या बंदुकीने हे चित्र पालटले. घोडा, कमान व खाचेचे तुकडे यांचा मेळ बसल्याखेरीज ठिणगी वेळेवर पडत नाही आणि हे तुकडे प्रत्येक बंदुकीसाठी कानशीने घासून जुळविलेले असत. एका बंदुकीची कमान दुसरीस बसत नसे. कवायती पलटणींकडे अशा बंदुका मोठ्या संख्येने असल्याने जवळच कारखाना व जाणते कारागीर असणे अटळ झाले. महादजी शिंदे यांच्या सेवेत १७८४ मध्ये आलेल्या द ब्वान्य या सेनानीने पलटणी उभारल्या, तेव्हा आग्रा येथील शस्त्रागार सँगस्टर या स्कॉटिश तज्ञाकडे सोपविण्यात आले. तेथे तोफा ओतल्या जात व बंदुकाही बनत. कवायत शिपायाला शिकविता येते. कानशीचा हात मात्र वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने तयार होतो. या कौशल्यासाठी परकी माणसावर विसंबणे ही मराठी लष्कराची एक दुखरी बाजू होती.

फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां याने १७८० नंतरच्या दशकात एकाच मापाचे, परस्परांत बदलता येणारे भाग बनवून दाखविले. त्या पद्धतीचा प्रसार झाल्यावर भाग घडविण्याऐवजी भाग बदलणे शक्य झाले, म्हणजे दुरुस्तीचा काही वाटा पुन्हा सामान्य माणसाच्या हाती आला. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली आणि जुन्या नळ्या धोक्याच्या ठरल्या. काळ्या दारूसाठी बनविलेल्या नळीत नवी दारू वापरल्यास दाब तिच्या कुवतीबाहेर जातो. नळीची कुवत अंदाजाने नव्हे, तर चाचणीनेच ठरते. त्यासाठी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १८१३ पासून स्वतंत्र चाचणीगृह आहे.

भारतात १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे बनविण्यास व विकण्यास परवाना आवश्यक केला. लोहाराच्या भात्यावर बंदूक घडविण्याची वाट त्याने बंद केली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात (कलम ५) निर्मिती व विक्रीबरोबर दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. विनापरवाना नळी आखूड करण्यास कलम ६ ने मनाई केली आहे. २०१९ च्या सुधारणेने विनापरवाना निर्मिती व दुरुस्तीसारख्या गुन्ह्यांची किमान शिक्षा सात वर्षांवर नेली असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. परवान्याविना कमान घडवून देणारा गावचा लोहार आज या कलमांच्या कक्षेत येतो.

पालघर जिल्ह्यातील (स्थापना २०१४) जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांसारख्या प्रदेशात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. येथे मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान होते. ते ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसे. १९४८ मध्ये विलीनीकरण होऊन हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. वावर व आसपासच्या पाड्यांवर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी यांची वस्ती असून उतारावर नाचणी, वरई व भात पिकते. रानडुकरांपासून पीक राखणे हे माळ्यावर बसून जागण्याचे काम. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या अधिनियमात (कलम १३) आहे; अर्थात त्यामुळे शिकारीची मुभा मिळत नाही, ती बाब १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाखाली येते.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. ती जळल्यावर नळीत उरणारे पोटॅशियमचे क्षार हवेतील ओल शोषतात आणि वर्षाला २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात नळी थोड्याच दिवसांत गंजते. केवळ तेल लावल्याने क्षार जात नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. म्हणून प्रथम गरम पाण्याने नळी धुऊन, ती पूर्ण कोरडी करून मगच तेलाचा बोळा फिरवावा लागतो. एवढे काम मालकाचे. खोल गंजलेली नळी, सैल झालेला मागचा बुडखा आणि न ठरणारा घोडा या तिन्हींसाठी परवानाधारक कारागीर गाठावा लागतो.