सेल्फ, डेल्को आणि अर्थ : जुन्या मोटारीच्या एका लपंडावाचा इतिहास

आपल्या बिदर-कलबुर्गी भागाच्या इतिहासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कल्याणचे चालुक्य, बहमनी सुलतानांच्या दोन राजधान्या, बसवण्णांची चळवळ, हैदराबादचा मुक्तिसंग्राम, 1956 ची राज्यपुनर्रचना हे विषय या पानांच्या वाचकांस नवे नाहीत. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या वाड्याच्या पडवीत पन्नास-साठ वर्षे उभ्या असलेल्या एका वस्तूचा इतिहास लिहावा असे सहसा कोणास वाटत नाही. ती वस्तू म्हणजे घरची जुनी मोटार. प्रस्तुत लेखात तिचा सारा इतिहास सांगण्याचा विचार नाही. 'कधी एका झटक्यात सुरू होते, कधी काही केल्या होत नाही' या तिच्या एकाच दोषाचा मागोवा घ्यावयाचा आहे. नीट पाहिल्यास त्या एका दोषामागे मोठा काळ उभा असलेला दिसतो.

आरंभीच्या मोटारींत हा दोष नव्हता, कारण विजेवर चालणारा सेल्फच नव्हता. समोरच्या भोकात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटा फटका देई आणि मनगटे मोडत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसविला गेला. केटरिंग यांनी ओहायोतील डेटन शहरी 1909 साली जी प्रयोगशाळा-कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'डेल्को' हा शब्द झाला. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडचे मिस्त्री आजही 'डेल्को' म्हणतात. मूळ कंपनीचे नाव ज्यांनी कधी ऐकले नाही, त्यांच्या तोंडी तो शब्द शंभर वर्षे टिकून राहिला आहे.

आपला भाग त्या काळी निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1911 साली रोल्स-रॉइसची एक खास गाडी मागविली होती. पण ती हौस राजवाड्यापुरती. सामान्य माणसाचा मोटारीशी संबंध आला तो बसमुळे. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून 1932 मध्ये 27 बसगाड्या आणि 166 कर्मचारी घेऊन सेवा सुरू केली. बसबरोबर डेपो आला, डेपोबरोबर कार्यशाळा आली आणि कार्यशाळेबरोबर मिस्त्री आला. पुढे सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले; मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात आणि बिदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूर राज्यात. गाड्यांवरच्या पाट्यांची लिपी बदलली. मिस्त्र्यांची भाषा मात्र बदलली नाही. सेल्फ, कटआउट, पॉइंट, कंडेन्सर, अर्थ हे शब्द मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या सर्वांचे सारखेच राहिले. या सरमिसळ प्रदेशात ज्या मोजक्या गोष्टींवरून कधी वाद झाला नाही, त्यांत या शब्दांची गणना करावी लागेल.

घरोघरी मोटार आली ती त्यानंतर, आणि तीही मुख्यतः दोनच प्रकारची. त्यांपैकी एकीचे मूळ आपल्या शेजारच्या सोलापुराशी जोडता येते. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या या कारखान्यातून आरंभी क्रायस्लर समूहाच्या गाड्या आणि पुढे फियाट बाहेर पडल्या. वालचंद 1953 साली निवर्तले. 1964 ची फियाट डिलाइट आणि 1974 पासून 'पद्मिनी' हे नाव धारण केलेली गाडी त्यांना पाहावयास मिळाली नाही. दुसरी अ‍ॅम्बॅसेडर. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन 1957 पासून 2014 पर्यंत चालले. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस होते. त्यामुळे जी हाती आली ती मोडीत काढण्याचा विचारही कोणी करीत नसे. ती दुरुस्तच करावयाची असे.

आमच्या वडिलांनी सोलापुराहून अशीच एक वापरलेली गाडी आणली होती. 1986 च्या उन्हाळ्यात तिने लपंडाव सुरू केला. सकाळी किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरे, आणि दुपारी त्याच जागी सेल्फ एक सुस्कारा टाकून गप्प होई. एका रात्री आजीचा दमा बळावला. तिला तातडीने दवाखान्यात न्यावयाचे होते आणि गाडी उचलेना. शेजारच्या चौघांनी वेशीपर्यंत ढकलली तेव्हा ती सुरू झाली. आजी वाचली, पण त्या रात्रीपासून गाडीचा तो दोष हा आमच्या घरात थट्टेचा विषय राहिला नाही.

प्रथम बॅटरी बदलली. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मग सेल्फ उतरविला, कार्बन बदलले. दुकानातल्या टेबलावर तो भिंगरीसारखा फिरला. परत बसविल्यावर दोन आठवडे गाडी शहाण्यासारखी वागली आणि एका लग्नाच्या दिवशी मांडवासमोर रुसून बसली. तिसऱ्या खेपेस सोलेनॉइड नवा आला. खर्च वाढत गेला, दोष जागच्या जागी राहिला.

शेवटी वडिलांनी एका वृद्ध मिस्त्र्यास बोलाविले. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी पाना हातात घेतला नाही. ओट्यावर बसून चहा घेतला आणि विचारले, "मालक, सुरू होत नाही तेव्हा समोरचे दिवे मंद होतात का?" वडिलांनी आठवून सांगितले की दिवे लख्खच असतात. "गाडी उभी कुठं असते? सपाटीला की उताराला?" याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. चाचांनी एक वही घालून दिली. दर वेळी तारीख, वेळ, ऊन की गारवा, इंजिन गार की तापलेले, दिवे कसे आणि आवाज कसा हे लिहावयाचे. आठ दिवसांच्या नोंदी वाचून ते ऐन दोषाच्या वेळीच आले. वडिलांना किल्ली फिरवावयास सांगून त्यांनी चोकच्या तारेला हात लावला. ती गरम होती. "करंट परतीची वाट चुकलाय," एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या या एका वाक्यात सारे निदान होते. बॅटरीतून निघालेली वीज जाड तारेने सेल्फपर्यंत जाते, पण तिला परतही यावे लागते. ही परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ज्याला मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. इंजिन मात्र रबरी गुट्ट्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. आमच्या गाडीत तेलाने व धुळीने ती कुजली होती. काही तारा तुटल्या होत्या, काही टिकल्या होत्या. इंजिन गुट्ट्यांवर ज्या बाजूला कलून थांबे, त्याप्रमाणे उरलेल्या तारा टेकत किंवा सुटत. पट्टी सुटली की वीज चोकच्या बारीक तारेतून परतीची वाट शोधी, म्हणून ती तार तापे. टेबलावर सेल्फ उत्तम फिरला, कारण तेथे त्याला स्वतंत्र अर्थ मिळाला होता. दुरुस्तीनंतर काही दिवस बरे जात, कारण त्या खटाटोपात इंजिन थोडे हललेले असे. बॅटरीच्या अर्थाच्या टोकापासून इंजिनपर्यंत एक जाड तार धरताच गाडी सुरू झाली. नवी पट्टी आली तिची किंमत बॅटरीच्या मानाने नगण्य होती.

दिवे लख्ख असताना सेल्फ का मरतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समोरचे दोन मोठे दिवे मिळून सुमारे 8 अँपिअर वीज घेतात. सेल्फला 150 च्या आसपास लागते. सांध्यात अवघा शतांश ओहम विरोध निर्माण झाला, तर दिव्यांच्या वाटेवर 0.08 व्होल्टची घट होईल, जी डोळ्यांस कळणारही नाही. सेल्फच्या वाटेवर मात्र दीड व्होल्ट नाहीसा होतो आणि 12 व्होल्टच्या गाडीत तेवढे पुष्कळ झाले. म्हणूनच दिवे लागतात यावरून सर्व सांधे ठीक आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

ज्यांच्या घरी अशी गाडी अद्याप आहे, त्यांच्यासाठी चाचांचा क्रम येथे नोंदवून ठेवतो. पहिला प्रश्न : सेल्फ फिरत नाही, की फिरतो पण इंजिन पेट घेत नाही? हे दोन निराळे रोग आहेत. सेल्फ फिरत नसेल तर दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे विझू लागले तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे. बिदरीच्या भांड्यावर किल्ल्यातील मातीने चढणारा काळा रंग हे तिचे सौंदर्य असते. मोटारीच्या सांध्यावर चढणारा कोणताही रंग हा रोग समजावा. दिवे तसेच राहिले तर किल्लीचा स्विच, सोलेनॉइड आणि अर्थ यांवर संशय घ्यावा. मीटर असल्यास गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, त्याचे एक टोक बॅटरीच्या अर्थाच्या खांबाला व दुसरे इंजिनला लावावे आणि सेल्फ मारावा. काटा अर्ध्या व्होल्टपलीकडे गेला तर चोर सापडला. विश्रांती घेतलेल्या भरलेल्या बॅटरीत 12.6 व्होल्ट असावेत. 12 च्या खाली उतरली तर आधी ती भरून घ्यावी, मगच इतर तपासणी. ब्रिटिश धाटणीच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. नवी बॅटरी बसविताना हे पाहिल्यावाचून हात लावू नये.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी ऋतू विचारात घ्यावा. आपल्याकडच्या मे महिन्यात पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या ड्रायव्हरांची रीत अडाणीपणाची नव्हे, शास्त्रशुद्ध आहे. तापल्यावर मरणारी आणि गार होताच जिवंत होणारी कॉइल किंवा कंडेन्सर हाही उन्हाळी दोष. पावसाळ्यात डेल्कोच्या झाकणात दमट हवा शिरते आणि ठिणगी वाट सोडून पळते. कोरड्या फडक्याने झाकण आतून पुसले की बहुधा काम भागते. पॉइंटमधील फट सुमारे 0.4 मिलिमीटर असावी. पॉइंट जळून काळे पडले तर ती मापातच राहत नाही. आणि डायनॅमोची गाडी बाजारात दिवे लावून हळूहळू फिरविली की बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते, हे थंडीतल्या सकाळी ध्यानात येते.

हे सर्व आता लिहून ठेवण्याचे कारण आहे. अशा गाड्यांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला. 2021 साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. 15 वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 वर गेले आणि 2025 साली 20 वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. नव्या गाड्यांचा दोष संगणकाला विचारून समजतो. जुन्या गाडीजवळ असे बोलके यंत्र नाही. तिच्याविषयी जे बोलावयाचे ते मालकानेच बोलावे लागते, आणि विचारावयाचे ते मिस्त्र्याने. विचारणारी ती पिढी आता विरळ झाली. परिणामी एका कुजलेल्या पट्टीपायी धडधाकट गाड्या भंगारात जात आहेत, आणि बॅटरी, सेल्फ, कॉइल एकामागून एक बदलून थकलेला मालक सुटकेचा निःश्वास सोडीत आहे.

येता-जाता दिसणारा दोष शोधण्याची रीत इतिहास-संशोधनाहून फारशी निराळी नाही. प्रथम नोंद करावी, मग अनुमान बांधावे, आणि एका वेळी एकाच गोष्टीस हात लावावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या उपायाने आला ते कधीच कळत नाही.

चाचांनी घालून दिलेली ती वही अजून आमच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर वडिलांच्या मोडी वळणाच्या अक्षरात वेळ, हवा आणि दिवे यांच्या नोंदी आहेत. शेवटच्या पानावर चाचांनी स्वतः उर्दूत एक ओळ लिहिली. वडिलांनी तिच्याखाली तिचा मराठी अर्थ लिहून ठेवला आहे : 'अर्थ पक्की. गाडी ठीक.' ज्या घरांत अशी गाडी उभी आहे, त्यांनी ती मोडीत देण्यापूर्वी आठ दिवस तरी एक वही घालावी, एवढीच विनंती.