शिरूर-दौंडमधील हुनराचे शिक्षण: पाबळचा प्रयोग, आयटीआय आणि आपली मुले

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्ही तालुक्यांत एकीकडे ऊस आणि कारखानदारी, तर दुसरीकडे पावसाच्या भरवशावर जगणारी कोरडवाहू गावे आहेत. रांजणगाव एमआयडीसीत फ्रिज, टीव्ही, मोटारी तयार होतात. कुरकुंभला रसायने आणि औषधांचे कारखाने आहेत. दौंड तर रेल्वेचे जुने जंक्शन. काम आहे, पण त्या कामापर्यंत आपली मुले पोचतात का? वर्गात शिकवताना हा प्रश्न आम्हाला रोज पडतो.

पाबळचा विज्ञान आश्रम

या प्रश्नाचे एक उत्तर शिरूर तालुक्यातच चाळीस वर्षांपूर्वी शोधले गेले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठी नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. जे इथे जमेल ते कोणत्याही खेड्यात जमेल, म्हणून मुद्दाम असे साधे, अडचणीचे गाव निवडले होते.

शाळेत नापास झालेला मुलगा बिनडोक नसतो, त्याला हाताने करून शिकायची संधी मिळालेली नसते, हा कलबागांचा विचार. म्हणून आश्रमात ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम उभा राहिला. त्याचे चार भाग आहेत: वर्कशॉप व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, आणि घर व आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, जमिनीतल्या पाण्याची पाहणी करतात, खाद्यपदार्थ बनवतात. गावाला लागणारे काम करून देतात आणि त्याचे पैसेही घेतात. या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. शाळांसाठी आठवी ते दहावीचा 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषयही इथूनच पुढे गेला. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक. कलबाग २००३ मध्ये गेले, पण काम थांबले नाही.

हा विचार आपल्याला परका नाही

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. आणि आपल्या घरांत तरी काय होते? शिकलगार, पिंजारी, मन्यार, अत्तार ही नावेच कामावरून पडली. उस्तादाकडे शागिर्दाने राहायचे आणि बघून बघून शिकायचे, ही आपली जुनी तालीम.

मग अडते कुठे?

अडते कागदापाशी. गॅरेजमधला आपला पोरगा इंजिन पूर्ण खोलून परत बसवतो. पण कारखान्याच्या गेटवर त्याला विचारतात, "आयटीआय केलंय का?" तो मान खाली घालतो. मग ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षे हेल्परच राहतो. शाळा सोडून लवकर कमाईला लावलेल्या मुलाची रोजी सुरुवातीला बरी वाटते, पण ती फारशी वाढत नाही, हे आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

दुसरी अडचण भाषेची. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला पाना, स्क्रू, वेल्डिंग सगळे कळते. पण मराठी-इंग्रजीतली थिअरी आणि ड्रॉइंग समोर आले की तो गांगरतो. यावर शाळेतच काम करावे लागेल. आठवीपासून हत्यारांची आणि मापांची नावे तिन्ही भाषांत शिकवली, तर अर्धी भीती जाते.

पालकांनी काय करावे?

• दहावी पूर्ण होऊ द्या. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडला दहावी पास लागते. काही ट्रेडना त्याहून कमी शिक्षण चालते, ते विचारून घ्या.

• फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. मुलींसाठी शिवणकाम आणि कॉम्प्युटर ऑपरेटर हे एक वर्षाचे ट्रेड आहेतच, पण इलेक्ट्रिशियनलाही मुली जाऊ शकतात.

• राज्यात प्रवेश ऑनलाइन होतो. दहावीचा निकाल लागण्याआधीच दाखले तयार ठेवा; दाखल्याअभावी जागा घालवू नका.

• आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचीही वाट आहे.

• पुढच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी पैसे कमी पडत असतील, तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची चौकशी करा.

• शाळा सुटलीच असेल तर घरी बसवू नका. मुलाला घेऊन एक दिवस पाबळला जा, त्याला स्वतः बघू द्या.

पाबळच्या वर्षभरात चार कामांची ओळख होते, पण एका ट्रेडची खोली आयटीआयमध्येच मिळते. ज्याला गावात स्वतःचे काम उभे करायचे आहे त्याला पाबळचा रस्ता जवळचा. ज्याला कारखान्यात जायचे आहे त्याने आयटीआय धरावा. मूल कशात रमते ते बघून निवड करा, शेजाऱ्याचा मुलगा कुठे गेला ते बघून नव्हे.

हुनर आपल्या घरात पिढ्यानपिढ्या आहे. त्याला आता दाखल्याची जोड द्या, म्हणजे आपले पोर गेटवरून परत फिरणार नाही.